वळलेल्या गाड्या

फाटकाची घंटा वाजली आणि मी क्लिपबोर्ड घेऊन रस्त्यात उतरले. दांडा पुरता खाली येईपर्यंत पहिल्या गाडीच्या खिडकीशी पोचायचं, असा आमचा शिरस्ता होता. फाटक किती वेळ पडून राहील याचा भरवसा नसायचा. तेवढ्यात रांगेतली तिसरी गाडी, एक पांढरी मारुती व्हॅन, एकदम मागे आली. मी उडी मारली म्हणून पाय वाचला. कोऱ्या फॉर्मांची पिशवी मात्र मागच्या चाकाखाली गेली.

“अहो, दिसत नाही का?” मी ओरडले.

व्हॅनच्या खिडकीतून साठीच्या एका बाईंनी डोकं बाहेर काढलं. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, केसांत अबोलीचा गजरा.

“रस्त्याच्या मधी तू उभी आणि मला दिसत न्हाई व्हय? सरक की.”

“एवढी कसली घाई आहे?”

“घाई?” त्यांनी स्टिअरिंग गरागरा फिरवलं. “मला कसली घाई आलीया?”

आणि व्हॅन आली तशी माघारी निघून गेली. मी पिशवी झटकली, टायरचे वळ तिच्यावर उमटले होते, आणि जाऊन पहिल्या गाडीच्या काचेवर टकटक केलं. या बाईंचा फॉर्म भरायचा राहिला, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

ही दोन हजार चार सालची, दिवाळीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मिरजेतल्या एका रेल्वे फाटकाला मी इथं चुनाभट्टीचं फाटक म्हणते. खरं नाव सांगत नाही. फाटकाच्या अलीकडे निम्मं गाव, पलीकडे निम्मं. दिवसातून तीस-बत्तीस वेळा ते पडायचं. तिथं उड्डाणपूल बांधणं परवडेल का, हे ठरवायचं काम बांधकाम खात्याकडून पुण्याच्या एका सल्लागार कंपनीला मिळालं होतं आणि त्या कंपनीत मी तीन वर्षं हंगामी नोकरीवर होते. सुनीती मगदूम, बी.एस्सी. संख्याशास्त्र, पहिला वर्ग. गाव माझंच, म्हणून पाहणीची देखरेख माझ्याकडे आली.

काम साधं होतं. पूल झाला तर कारवाल्यांचा वेळ वाचणार. तो वेळ किती रुपयांचा, हे कळलं की पुलाचा खर्च भरून निघतो की नाही ते सांगता येतं. म्हणून आम्ही फाटकात अडकलेल्या प्रत्येक गाडीशी जायचो आणि विचारायचो: पूल झाला, तुमची पंधरा मिनिटं वाचली, तर त्यासाठी किती टोल द्याल? सहा जण मिळून पाच दिवसांत आम्ही साडेसहाशे माणसांना हे विचारलं. निम्म्या लोकांनी आधी आमच्याकडे संशयानं बघितलं. “टोल बसवायला आलाय व्हय?” म्हणायचे, आणि मग एक रुपया, दोन रुपये, फार तर पाच. मंडईत मेथीच्या जुडीला सुद्धा कुणी मनातला भाव पहिल्यांदा सांगत नाही, तो इथं कोण सांगणार होतं?

शुक्रवारी संध्याकाळी पोंक्षे सर पुण्याहून आले. कंपनीचे मालक. सौम्य माणूस, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. लॉजच्या खोलीत त्यांनी लॅपटॉप उघडला, माझ्या फॉर्मांची बेरीज तपासली आणि चहाचा कप खाली ठेवून हसले.

“पंधरा मिनिटांना सरासरी साडेचार रुपये. म्हणजे तासाला अठरा. सुनीती, तुमच्या गावचा कारवाला स्वतःचा तास अठरा रुपयांना विकायला तयार आहे. पूल परवडायला निदान चाळीस हवेत.”

“म्हणजे पूल नाही?”

“आपण नाही म्हणायचं नाही. आपण लिहायचं, की या शहरातील वाहनचालकांना प्रवासातील वेळेच्या बचतीचे फारसे मोल वाटत नाही. बाकी त्यांचं ते समजतील. सोमवारी अकरा वाजता बैठक आहे.”

मी ते वाक्य पडद्यावर वाचलं. माझे वडील, माझे काका, आमचे शेजारी, सगळे त्या एका ओळीत बसले होते. मला राग आला. तरी मी कामाचंच बोलले.

“सर, एक अडचण आहे. आपल्या गटातली पूर्वा कागवाडे ही रस्त्याच्या तोंडाशी बसून येणाऱ्या गाड्या मोजत होती आणि दुसरी मुलगी फाटकातून पार होणाऱ्या. दोन्ही आकडे जुळत नाहीत. पाच दिवसांत तीनशे बारा गाड्या आल्या, पण पलीकडे गेल्याच नाहीत.”

“मग कुठे गेल्या?”

“वळल्या. फाटक पडलं की काही जण थांबतच नाहीत. रेल्वेच्या जुन्या पुलाखालून, सात किलोमीटरचा वळसा घालून जातात. त्यांना आपण काहीच विचारलं नाही. आपण फक्त थांबणाऱ्यांना विचारलं. ज्याला थांबणं चालतं, तोच रांगेत उरतो ना? आकडा कमी येणारच.”

पोंक्षे सरांनी चष्मा काढून पुसला. “मुद्दा बरा आहे. पण वळलेली गाडी पाहणीच्या बाहेर गेली. आणि धावत्या गाडीला तू विचारणार कशी? सोड.” त्यांनी बॅगेतून एक कागद आणि एक लांब पाकीट काढलं. “हे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र. सोमवारी बैठकीआधी सही कर. आणि या पाकिटात काय आहे ते तुला माहीत आहे.”

माहीत होतं. कायमच्या नेमणुकीचं पत्र. पहिल्या वर्षी ते म्हणाले होते, थांब जरा, नवं काम मिळू दे. दुसऱ्या वर्षी, थांब जरा, ऑडिट होऊ दे. मी घरी आले की अण्णा, माझे वडील, रोज रात्री ताटावर बसल्यावर विचारायचे, “झालं का गं कायम?” आणि मी म्हणायचे, दिवाळीपर्यंत होईल. दिवाळी होऊन गेली होती.

प्रमाणपत्रावर एकच वाक्य छापलेलं होतं: ‘या फाटकावर येणाऱ्या सर्व प्रकारच्या वाहनचालकांचा पाहणीत समावेश केला आहे.’ त्याच्याखाली माझं नाव.

“सोमवारी करते सर,” मी म्हणाले.

धावत्या गाडीला विचारणार कशी, हे त्यांनी सहज म्हटलं होतं. माझ्या डोक्यात ते जाऊन बसलं. शनिवारी सकाळी मी एकटीच फाटकाकडे गेले आणि रांगेच्या शेपटाशी, जिथं गाड्या वळतात तिथं, रसाच्या गाड्याजवळ उभी राहिले. घंटा वाजली. एक निळी सँट्रो वळायला लागली, तशी मी तिच्या दारालाच हात घातला.

“मला घेऊन चला. वाटेत चार प्रश्न विचारते.”

गाडीत डॉक्टर रेहाना बागवान होत्या. भूल देणाऱ्या डॉक्टर. तीन दवाखाने अलीकडे, दोन पलीकडे. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि दार आतून उघडलं.

“बसा. मी रस्त्याकडे बघून बोलेन, चालेल ना?”

मी पंधरा मिनिटांचा प्रश्न विचारला. त्या हसल्या नाहीत.

“पंधरा मिनिटं कुणी सांगितली तुम्हाला? ते फाटक पंधरा मिनिटंच पडणार असं कुणी मला लेखी दिलं, तर मी थांबेन. मंगळवारी चाळीस मिनिटं पडलं होतं. आत्ता टेबलावर एक बाई आहे, सिझेरियनची. तिला काय सांगू, मालगाडी जाऊ दे म्हणून?”

मी हातातल्या घड्याळावर नजर ठेवली होती. वळसा पुरा व्हायला एकोणीस मिनिटं लागली. पलीकडे उतरले तेव्हा फाटक उघडून पाच मिनिटं झाली होती, असं फाटकवाल्यानं सांगितलं.

परत यायला त्या बाजूनं वळणारी दुसरी गाडी धरली. तो फरशा विकणारा होता. नंतर एक लग्नाचा फोटोग्राफर, नंतर मुलीला क्लासला सोडणारे एक वडील. शनिवारी आणि रविवारी मिळून मी एकेचाळीस गाड्यांत बसले. कुणी हाकललं, कुणी पेरू दिला, एकानं तर जुन्या पुलाखाली गाडी थांबवून माझं ओळखपत्र तपासलं. आणि प्रत्येक फेरीला घड्याळ तेच सांगत होतं. वळसा घेणारा थांबणाऱ्यापेक्षा बहुतेक वेळा उशिराच पोचत होता. वर वीस रुपयांचं पेट्रोल पदरचं जात होतं.

आता मात्र मी गोंधळले. मला वाटलं होतं, ही माणसं वेळ वाचवतात, त्यांचा तास चाळीसच काय, साठ रुपयांचा निघेल आणि मी पोंक्षे सरांच्या समोर कागद आपटेन. पण त्यांचा वेळ वाचतच नव्हता! हे आकडे दाखवले तर तेच माझ्यावर हसणार होते.

रविवारी दुपारी चारच्या फाटकाला पांढरी व्हॅन आली आणि वळली. मी दार धरलं.

“तू त्या दिवशीचीच न्हवं?” बाई म्हणाल्या. “पिशवी फाटली काय गं तुझी?”

“नाही. बसू का?”

“बस की. मागं कुंड्या हायत, लवंडू नकोस. हातात धर ती जास्वंद.”

त्यांचं नाव शैलाक्का हुक्केरी. रोपांची नर्सरी होती त्यांची, गावाबाहेर. आत्ता मात्र रोपं पोचवायची म्हणून निघाल्या नव्हत्या. कुंड्या सकाळच्याच उरलेल्या होत्या. त्या बहिणीकडे पत्ते खेळायला चालल्या होत्या.

“किती वाजता पोचायचं आहे?”

“पोचीन तवा. पत्त्याचा डाव हाय बाई, लग्नाचा मुहूर्त न्हवं.”

मला राहवलं नाही. “शैलाक्का, मी दोन दिवस मोजलंय. थांबला असता तर चौदा-पंधरा मिनिटांत फाटक उघडलं असतं. इकडून एकोणीस लागतात.”

“ठाव हाय की मला. बारा वर्सं हीच गाडी चालवतीय.”

“मग वळता कशाला?”

समोर उसाचा ट्रॅक्टर होता, तो त्यांनी मागे टाकला, गिअर बदलला आणि मग साध्या आवाजात बोलायला लागल्या.

“माझ्या मालकानं पयल्या बाळतपणाला मला म्हायेरी आणून सोडलं. म्हणला, थांब, न्यायला येतो. पोरगं झालं, बारसं झालं. निरोप आला, थांब, दसऱ्याला येतो. मग दिवाळी. मग संक्रांत. दर सणाला मी ट्रंक भरून सोप्यात, म्होरल्या दाराजवळ ठिवायची. सात वर्सं ठिवली बघ. माझी आई म्हणायची, अगं, आता तरी कपडे बाहेर काढ, कसर लागंल.”

“मग?”

“मग काय? एका सणाला भरलीच न्हाई. म्हायेरच्या वाटणीतनं अर्धा एकर मागून घेतला, गुलाबाची कलमं लावली. पोरगं मुंजीएवढं झालं तवा गाडी शिकले, लोक हसत व्हते.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तवापासनं कुणी मला थांब म्हणलं की माझा हात आपसूक मागच्या गिअरवर जातोय. दांडा खाली यायला लागला की मला सोपा दिसतोय आणि ती ट्रंक दिसतीया. लांबनं जाईन, पण चालत ऱ्हाईन. लिही तुझ्या कागदात.”

फॉर्मवर ‘मार्ग बदलण्याचे कारण’ असं एक सदर होतं आणि पुढे चार चौकोन: वेळेची बचत, इंधनाची बचत, रस्त्याची स्थिती, इतर. मी चौथ्या चौकोनात खूण केली आणि कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहीत गेले. जास्वंदीची कुंडी मांडीवर होती, अक्षर वेडंवाकडं आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचं कारण शैलाक्का एकट्या नव्हत्या.

“पुलाला किती द्याल, ते राहिलंच,” उतरताना मी विचारलं.

“आधी बांधा की पूल. आता सांगितलं तर तेवढाच टोल लावशीला,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली कुंडी काढून घेतली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत दिली. “ने घरला. पाणी रोज घाल.”

सोमवारी पावणेअकराला मी बैठकीच्या खोलीबाहेरच्या बाकावर प्रमाणपत्र मांडीवर घेतलं. छापील वाक्यातल्या ‘सर्व प्रकारच्या’ या शब्दांवर एक रेघ मारली. खाली लिहिलं: ‘फाटक पडल्यावर थांबलेल्या चालकांनाच विचारले आहे. वळून गेलेल्या तीनशे बारा गाड्या वगळल्या आहेत. अशा वळणाऱ्या एकेचाळीस जणांशी मी नंतर बोलले; त्यांचे फॉर्म सोबत जोडले आहेत.’ आणि सही केली. पोंक्षे सर खोलीत आधीच जाऊन बसले होते. कागद फाईलमध्ये वर ठेवून मी आत गेले आणि फाईल त्यांच्यापुढे न ठेवता टेबलाच्या मधोमध ठेवली.

बांधकाम खात्याचे कार्यकारी अभियंता घोरपडे साहेब अध्यक्ष होते. पोंक्षे सरांनी आकडे दाखवले, अठरा रुपये सांगितले, ते वाक्य वाचलं. घोरपडे साहेबांनी फाईल ओढली आणि सवयीप्रमाणे सगळ्यात वरचा कागद वाचायला घेतला.

“हे काय आहे? हे एकेचाळीस कोण?”

पोंक्षे सर पुढे वाकले, वाचलं आणि सौम्यपणे म्हणाले, “साहेब, ही अनौपचारिक माहिती आहे. आपण नंतर—”

“मी सांगते,” मी उभी राहिले. मला स्लाईड बदलायला बोलावलं होतं, बोलायला नव्हे. “साहेब, ही माणसं थांबत नाहीत. सात किलोमीटर फिरून जातात.”

“म्हणजे त्यांना घाई असते.”

“काहींना असते. पण फिरून गेल्यानं त्यांचा वेळ वाचत नाही. सरासरी पाच मिनिटं जास्तच लागतात.”

खोलीत कुणीतरी हसलं. पोंक्षे सरांनी माझ्याकडे जवळजवळ मायेनं पाहिलं. “बघा ना साहेब. म्हणजे वेळेला किंमत नाही, हेच सिद्ध होतं.”

“नाही सर.” मी घोरपडे साहेबांकडे वळले. “रांगेतला माणूस पंधरा मिनिटं मिळवायला साडेचार रुपये देतो म्हणाला. तोंडानं म्हणाला. हा माणूस वीस रुपयांचं पेट्रोल खरोखर जाळतो आणि वर पाच मिनिटं देतो. एवढं देऊन तो काहीतरी विकत घेतोय ना? फाटक कधी उघडेल ते त्याला कुणी सांगत नाही. दुसऱ्याच्या मर्जीवर उभं राहायचं नाही, एवढ्यासाठी तो हे देतो. त्याचा भाव आपण विचारला नाही, आपल्या फॉर्मात तो चौकोनच नाही. न विचारता या गावाला वेळेची किंमत कळत नाही असं लिहू नका. मी या गावची आहे. मला ते मान्य नाही.”

घोरपडे साहेबांनी शैलाक्कांचा फॉर्म उलटून मागची वेडीवाकडी अक्षरं शेवटपर्यंत वाचली.

“किती रुपये धरायचे मग यांचे?”

“माहीत नाही साहेब. पण शून्य नाही.”

त्यांनी प्रमाणपत्रावर हिरव्या शाईनं आपली आद्याक्षरं टाकली. “अहवालाला हे जोडा. ते वाक्य काढा. पुन्हा पाहणी करायची का ते बघू.” एकदा साहेबांची हिरवी शाई पडली की तो कागद फाईलमधून कुणाला काढता येत नाही. पोंक्षे सरांनाही ते माहीत होतं.

पूल व्हायला पुढं नऊ वर्षं गेली. मध्ये तीन अधिकारी बदलले, दोन पाहण्या झाल्या. माझ्या कागदामुळे पूल झाला असं मी म्हणत नाही. ते वाक्य मात्र कुठल्याच अहवालात छापलं गेलं नाही.

बैठकीनंतर पोंक्षे सर व्हरांड्यात भेटले. चिडलेले दिसत नव्हते. लांब पाकीट त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते परत बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि चेन ओढली.

“तू हुशार आहेस सुनीती. आज जरा घाई केलीस. माझं डोकं शांत होऊ दे, मग हे पत्र बघू. मार्चपर्यंत थांब जरा.”

मला सोप्यातली ट्रंक दिसली. मी कंपनीचं ओळखपत्र गळ्यातून काढलं आणि त्यांच्या बॅगेवर ठेवलं.

“नाही सर,” मी म्हणाले, “मी नाही थांबत.”

बाहेर येऊन रिक्षा केली. हातात जास्वंदीची कुंडी होती. आदल्या दिवशी फॉर्मांच्या पिशवीत ठेवली ती काढायचीच राहिली होती. अण्णांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. चुनाभट्टीच्या फाटकाशी पोचलो आणि घंटा वाजली. दांडा हलला. रिक्षावाल्यानं सवयीनं इंजिन बंद केलं आणि खिशातून तंबाखूची डबी काढली.

“वळवा,” मी म्हणाले.

“आता उघडंल की ताई. उगं लांब पडंल.”

“पडू दे,” मी म्हणाले. “वळवा.”